निष्ठांतराचे इनाम

जो मनुष्य प्रसंगी पक्ष बदलतो, पंथ बदलतो, गाव आणि घर बदलतो, आणि वकिलाचा खर्च पेलत असेल तर सहधर्मचारिणीही बदलतो, तोच मनुष्य शाळकरी वयात आईबापांनी ज्या बँकेच्या दारात नेऊन उभे केले त्या बँकेतील खाते मात्र मरेपर्यंत बदलत नाही, ही इंग्रजांच्या स्वभावातील खोड तेथील राज्यकर्त्यांना अखेरीस इतकी खुपू लागली की तिच्या निवारणार्थ आयोग, यंत्रणा आणि रोख बक्षिसी असे तीन उपाय एकामागून एक योजावे लागले. खोड म्हणण्याचे कारण असे की, गिऱ्हाईक जागचे हलत नाही हे एकदा सावकाराच्या ध्यानात आले म्हणजे त्याची मर्जी राखण्याचे काही प्रयोजन सावकाराला उरत नाही. त्यातून 1984 साली मिडलंड बँकेने खात्यात शिल्लक राखणाऱ्यांना खाते चालविण्याचा आकार माफ केला, इतर बँकांना तिच्या पावलावर पाऊल टाकावे लागले, आणि सर्वच दुकानांत माल फुकट मिळू लागल्यामुळे एका दुकानातून उठून दुसऱ्यात जाण्याचे उरलेसुरले निमित्तही नाहीसे झाले.

2008 साली बड्या बड्या बँका डबघाईला आल्यावर सर जॉन व्हिकर्स यांच्या अध्यक्षतेखाली जो स्वतंत्र आयोग बसला, त्याने सप्टेंबर 2011 मध्ये सादर केलेल्या अहवालाचा बराचसा भाग सामान्यांच्या ठेवींभोवती तट कसा उभारावा याच विवेचनाला वाहिलेला होता. परंतु खातेदाराला एका बँकेतून दुसरीत जाणे सुलभ करावे, अशीही एक शिफारस त्यात होती. तदनुसार 16 सप्टेंबर 2013 रोजी ‘करंट अकाउंट स्विच सर्व्हिस’ या नावाची व्यवस्था अमलात आली. पूर्वी या कामाला महिना-महिना लागे, आणि त्या अवधीत पगार एका बँकेत, विजेचे बिल दुसऱ्या बँकेत आणि खातेदार दोहींच्या मध्ये फोनचा रिसीव्हर कानाला लावून बसलेला असे. नव्या व्यवस्थेत खातेदाराने फक्त नव्या बँकेला कळवावयाचे आणि एक दिवस मुक्रर करावयाचा. कामकाजाच्या सात दिवसांत त्याची शिल्लक, त्याचा पगार आणि त्याचे सर्व देणेकरी नव्या घरी हजर होतात, जुने खाते बंद होते, जुन्या पत्त्यावर चुकून आलेली रक्कम पुढे तीन वर्षे परस्पर नव्या खात्याकडे रवाना होत राहते, आणि या स्थलांतरात काही चूक होऊन दंड वा व्याज पडलेच तर ते भरून देण्याची लेखी हमी असते.

एवढी पालखीची व्यवस्था करूनही 2016 साली तेथील स्पर्धा व बाजार प्राधिकरणाने जेव्हा हिशेब मांडला तेव्हा वर्षाकाठी शंभरांपैकी अवघे तीन खातेदार पालखीत बसतात असे निष्पन्न झाले. आपल्याकडे 1985 पासून पक्षांतराला कायद्याने बंदी आहे आणि ते अव्याहत चालू आहे. तिकडे खातेबदलाला कायद्याचे उत्तेजन आणि वर नव्या बँकेकडून रोख इनाम आहे, आणि तरी लोक ढिम्म हलत नाहीत. या दोन वस्तुस्थिती शेजारी शेजारी ठेवून कोणी राज्यशास्त्रज्ञाने एखादा प्रबंध लिहावा, म्हणजे निदान कायदे करणाऱ्यांना कोणत्या गोष्टीवर बंदी घालावी आणि कशाला उत्तेजन द्यावे याचा काही उमज पडेल.

हे इनाम प्रत्यक्ष पाहण्याचा योग मला हॅरो येथे माझ्या भाच्याकडे मुक्कामाला असताना आला. हा गृहस्थ संगणकाच्या धंद्यात आहे, आणि उरलेल्या वेळात तो बँका बदलतो. खातेबदलाच्या या व्यवस्थेखाली पहिल्या दहा वर्षांत एक कोटीच्या आसपास खाती इकडची तिकडे गेली असे म्हणतात. त्यांपैकी आमच्या कुटुंबाच्या वाट्याची किती, हे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही. एका सकाळी त्याने एका बँकेची जाहिरात माझ्यापुढे ठेवली. तिच्यावर मधोमध, दुरूनही दिसावा अशा ठसठशीत अक्षरांत, 200 पौंड हा आकडा होता. आपल्या हिशेबाने ही रक्कम वीस हजारांच्या वर जाते, आणि केवळ एका ठिकाणाहून उठून दुसऱ्या ठिकाणी बसल्याबद्दल वीस हजार रुपये देणारा दाता, निवडणुकांचा हंगाम सोडला तर, आपल्याकडे आढळत नाही.

परंतु त्या आकड्याच्या उजव्या खांद्यावर एक चिमुकली तारका होती. मनुष्याच्या जीवनावर ग्रहताऱ्यांचा प्रभाव पडतो की नाही याविषयी विद्वानांत मतभेद असतील. या तारकेचा प्रभाव मात्र निर्विवाद आहे. ती जिथून उगवते तिथून दृष्टी खाली खाली नेत गेले म्हणजे कागदाच्या तळाशी, मुंग्यांची रांग असावी तसा, शर्तींचा मजकूर लागतो.

“मामा, तुमची उभी हयात महसूल खात्यात गेली,” भाचा म्हणाला, “हा कागद तुम्हीच वाचा. यात कुठे पळवाट दिसते का बघा.”

मी चष्मा पुसून कागद हाती घेतला, आणि सांगावयास संकोच वाटत नाही, मला थेट माहेरी आल्यासारखे झाले. ‘परंतु’, ‘तथापि’, ‘वरील तरतुदीस बाध न येता’, ‘बँकेचा निर्णय अंतिम राहील’! ज्या भाषेत आम्ही तीस वर्षे लोकांचे अर्ज फेटाळले तीच ही भाषा, फक्त येथे ती बक्षीस देण्याकरिता योजिलेली. अशा इनामांचा मसुदा सर्वसाधारणपणे एकाच साच्याचा असतो. अर्जदाराने मजकूर व्यवस्थेमार्फतच आणि जुने खाते पूर्णतः बंद करूनच आले पाहिजे, अर्धवट बदल चालणार नाही. खाते उघडल्यापासून 60 दिवसांच्या आत 1,500 पौंड जमा केले पाहिजेत. किमान दोन चालू डायरेक्ट डेबिट सोबत आणले पाहिजेत. कार्डाने काही खरेदी केली पाहिजे. आणि अमुक एका तारखेनंतर अर्जदाराचे या बँकेत खाते असता कामा नये, अथवा त्याने पूर्वी कधी असे इनाम घेतलेले असता कामा नये.

सामान्य वाचक हे वाचून ‘ठीक आहे’ म्हणतो आणि अर्ज भरतो. दफ्तरी मनुष्य प्रत्येक शब्दापाशी थांबतो. साठ दिवस हे नेमके कोणत्या दिवसापासून मोजावयाचे: अर्ज केल्यापासून, खाते उघडल्यापासून की खाते वर्ग झाल्यापासून? पंधराशे पौंड एकरकमी हवेत की हप्त्याहप्त्यांनी आलेले चालतील? डायरेक्ट डेबिट म्हणजे वीजकंपनीला किंवा नगरपालिकेला आपल्या खात्यातून परस्पर रक्कम उचलून नेण्याचे दिलेले मुखत्यारपत्र. ही युक्ती 1960 च्या दशकात युनिलिव्हर कंपनीने आइस्क्रीम विकणाऱ्या दुकानदारांकडील वसुलीकरिता काढली असे सांगतात, आणि एका थंड पदार्थातून इतकी उष्ण वसुली निघाली याचे मला आजही कौतुक वाटते. याच्या उलट खातेदाराने स्वतःच बँकेला दिलेला दरमहाचा हुकूम तो ‘स्टँडिंग ऑर्डर’, आणि तो या शर्तीत जमेस धरला जात नाही. घरभाडे, मुलीच्या नृत्यवर्गाची फी आणि आईला पाठविण्याचे पैसे असे तीन तीन स्टँडिंग ऑर्डर नियमाने पाळणारा सज्जन इनामाला अपात्र ठरतो, आणि व्यायामशाळेत पाऊलही न टाकता तिला दरमहा खात्यातून पैसे उचलू देणारा आळशी पात्र ठरतो. ‘चालू’ या विशेषणाचीही अशीच गंमत आहे. काही बँकांना मुखत्यारपत्र केवळ कागदावर असले तरी चालते. काहींना त्यावर खरोखरीच पैसे उचलले गेले पाहिजेत, आणि तेही नव्या खात्यातून.

ही सर्व कलमे दोनतीनदा वाचून झाल्यावर एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, आणि शर्तींच्या अभ्यासकाने सर्वप्रथम शिकावयाची गोष्ट तीच आहे. आपल्या गावांच्या वेशीवर वीरगळ उभे असतात. कोणी कोणत्या झुंजीत देह ठेवला हे त्या दगडावरून कळते, वीराचे नाव मात्र बहुधा पुसलेले असते. इनामाच्या करारातील प्रत्येक परंतुक हा असाच एक वीरगळ आहे. ‘आमच्याच बँकेतील एका खात्यातून दुसऱ्या खात्यात वर्ग केलेली रक्कम जमेस धरली जाणार नाही’ या वाक्याखाली असा एक अनाम इंग्रज चिरविश्रांती घेत आहे, की ज्याने डाव्या खिशातील पैसे उजव्या खिशात टाकून बक्षीस मागितले होते. ‘यंत्रातून रोकड काढणे म्हणजे कार्डाने केलेली खरेदी नव्हे’ या ओळीखाली दुसरा, आणि ‘संयुक्त खात्यातील एका खातेदाराने पूर्वी इनाम घेतले असल्यास ते दोघांनी घेतले असे समजले जाईल’ येथे तर एक अख्खे दांपत्यच पहुडले आहे. कोणताही बँकवाला निव्वळ कल्पनाशक्तीच्या बळावर ही कलमे लिहू शकत नाही, तेवढी प्रतिभा त्या पेशात आढळत नाही. ती सर्व कुणीतरी प्रत्यक्ष आचरून दाखविल्यावरच लिहिली गेली आहेत.

तथापि एका जागी अद्याप वीरगळ उभा राहिलेला नाही. पंधराशे पौंड जमा करा, असे म्हणणाऱ्या बहुतेक मसुद्यांत ते तेथे राहू द्या, असे कोठेच म्हटलेले नसते. मी हे भाच्याच्या निदर्शनास आणले तेव्हा तो अनुकंपेने हसला, आणि त्याने संगणकावर राखलेली खतावणी माझ्यापुढे उघडली. त्या कुटुंबातील सर्वांत प्रवासी घटक म्हणजे हे पंधराशे पौंड. सोमवारी ते एका बँकेत प्रवेश करतात, रात्रभर मुक्काम करतात, पगारदार माणसाचा भास निर्माण करतात, आणि मंगळवारी सकाळी पुन्हा मूळ खात्यात परत येऊन पुढच्या कामगिरीची वाट पाहतात. त्यांनी आजवर किती बँकांत हजेरी लावली असेल ती असो, त्यांतून प्रत्यक्षात कधी एक वस्तूही विकत घेतली गेलेली नाही.

“पण बँकेच्या हे लक्षात येत नसेल का रे?” मी विचारले.

“येतं की! पण त्यांना वाटतं, शंभरातले थोडे माझ्यासारखे निघाले तरी बाकीचे आळसाने तिथेच राहतील. आणि राहतातच, मामा.”

येथे या सर्व प्रकरणाचे मर्म आहे. बँक दोनशे पौंडांना खाते विकत घेत नाही, ती खातेदाराचा आळस विकत घेते. आणि तो आळस खरा आहे की नकली याची परीक्षा म्हणून शर्ती घालते. पगार येथे यावा, बिले येथून जावीत, वाणसामान याच कार्डाने घ्यावे: या तिन्ही कलमांचे ऐक्य केले म्हणजे बँकेच्या मनातील संसारी गृहस्थाची मूर्ती सिद्ध होते. भाचा त्या मूर्तीची हुबेहूब बतावणी करतो. त्याने याकरिता एक स्वतंत्र खातेच बाळगले आहे. त्याचा खरा पगार ज्या जुन्या खात्यात येतो त्याला तो कधी हात लावीत नाही. हे दुसरे खाते मात्र तो नवसाच्या बोकडासारखा पोसतो, वेळ आली की एका बँकेच्या वेदीवर चढवितो आणि लागलीच पुढच्या जत्रेकरिता दुसरा बोकड पाहू लागतो. त्या बोकडाला दोन डायरेक्ट डेबिट लागतात, आणि खऱ्या बिलांना हात लावावयाचा नसल्यामुळे ती दुसरीकडून पैदा करावी लागतात. त्यांपैकी एक आहे एका नियतकालिकाची वर्गणी. दुसरे आहे वृद्ध व निराधार गाढवांच्या आश्रमाला दरमहा दोन पौंडांची देणगी. ज्याने पुण्यात असताना दारावर आलेल्या वारकऱ्याला कधी चार आणे घातले नाहीत, त्याच्या हातून बँकेच्या एका कलमाने गर्दभसेवा घडविली. आश्रमाकडून दर तिमाहीस त्याच्या नावाने पत्र येते, आणि त्यात ज्या गाढवाचे छायाचित्र असते त्याच्या मुद्रेवर मला तरी या व्यवहारातील इतर कोणत्याही पक्षापेक्षा अधिक प्रामाणिकपणा दिसला.

शर्तीचे इनाम हा प्रकार त्या देशात नवा नाही. 1983 साली नॅटवेस्ट बँकेने मुलांनी बचत करावी म्हणून चिनीमातीच्या डुकरांचे एक कुटुंब काढले होते. खाते उघडताच लंगोट नेसलेले डुकराचे पोर मिळे. परंतु ताई, दादा, मातोश्री आणि सरतेशेवटी सर नॅथॅनियल हे खानदानी वडील घरी आणावयाचे तर शिल्लक चढत चढत 100 पौंडांपर्यंत न्यावी लागे. किती इंग्रज बालके त्या वडिलांच्या प्रतीक्षेत प्रौढ झाली असतील! आज त्या पाच मूर्तींचा संच हौशी संग्राहक पैसे मोजून विकत घेतात, म्हणजे ज्याने त्या काळी खाते रिकामे करून डुकरे तेवढी जपून ठेवली तो शहाणा ठरला. विद्यार्थ्यांना खात्याबरोबर चार वर्षांची रेल्वे सवलत देण्याची चालही तेथे आहे. तीत मला सुज्ञपणा दिसतो. जो मुलगा स्वस्तात प्रवास करीत सुटला आहे तो बँक बदलण्याकरिता एका जागी बसणार कधी?

आपल्याकडे एकेकाळी याच्या नेमके उलट होते. खाते उघडू इच्छिणाऱ्यानेच आपण सभ्य आहोत हे सिद्ध करावयाचे असे. त्याला ओळखणारा एक जुना खातेदार सोबत आणावा लागे, त्या खातेदाराची सही जुळावी लागे, ती जुळत नसे, तो पुन्हा सही करी, आणि या सोपस्कारात बँकेने आपल्यावर केलेल्या उपकाराचे ओझे मनावर इतके बसे की इनामाचा विचारही पाप वाटावा. इनाम म्हणून म्हणावे तर वर्षारंभी मिळणारे बँकेचे कॅलेंडर. त्याच्या शर्ती कोठेही छापलेल्या नसत. त्या शिपायाला मुखोद्गत असत, आणि त्यांचा अर्थ लावण्याचा अंतिम अधिकारही त्याचाच असे. सोलापूरच्या एका सहकारी बँकेत कॅलेंडरे संपली असे सांगून ज्यांना परत पाठविले जाई त्यांच्या देखत दुसऱ्याच्या काखेत गुंडाळी दिसे, आणि त्याविरुद्ध दाद मागण्यास कोणतेही प्राधिकरण नव्हते.

हे सांगितल्यावर भाच्याला गहिवर आला असे नाही. त्याने मला एवढेच बजावले की, या उद्योगालाही मर्यादा असते. प्रत्येक नवा अर्ज खातेदाराची पत नोंदविणाऱ्या वहीत आपली खूण सोडून जातो, आणि घराकरिता कर्ज घेण्याच्या सुमारास अशा खुणांची रांग दिसली तर सावकाराच्या भुवया वर चढतात. शिवाय इनाम केव्हाही, पूर्वसूचना न देता, मागे घेण्याचा हक्क बँकेने राखून ठेवलेला असतो. म्हणून शर्तींचे पान अर्जाच्या दिवशीच जपून ठेवावे, त्याची तारीख टिपावी. हा मुलगा शाळेत गृहपाठाची वही कधी जपीत नसे.

शर्तींच्या या राज्यात सर्वांत मोठा अन्याय कोणावर होतो, तर जो काहीच करीत नाही त्याच्यावर. भाच्याच्या शेजारी एक वृद्ध इंग्रज गृहस्थ राहतात. तरुणपणापासून त्यांचे एकाच बँकेत खाते आहे. ती शाखा बंद होऊन तेथे आता कॉफीचे दुकान झाले, तरी ते बँकेवर रुसलेले नाहीत. त्यांच्याच बँकेने नवागतांना मोठी रक्कम देऊ केल्याचे मी त्यांना कुंपणावरून सांगितले. त्यांनी शांतपणे विचारले, “आणि जे आधीपासून आहेत त्यांना?” मी म्हटले, त्यांना काही नाही. त्यावर त्यांनी, हे अगदीच रास्त आहे, अशा अर्थाची मान हलविली आणि गुलाबांना पाणी घालू लागले. असा खातेदार मिळविण्याकरिता बँकांनी दोनशे काय, दोन हजार पौंड मोजावेत. परंतु तो आधीच मिळालेला असल्यामुळे त्याची किंमत शून्य.

माझ्या मुक्कामाच्या अखेरच्या आठवड्यात त्या घरात मोठा कायदेशीर पेच उद्भवला. भाचेसून तेथील नगरपालिकेत हिशेबनीस आहे, आणि भाच्याच्या उद्योगाकडे ती आजवर केवळ सहिष्णुतेने पाहत होती. परंतु संयुक्त खात्याविषयीचे ते कलम तिने स्वतः वाचले तेव्हा तिच्या लक्षात आले की नवरा-बायको एकत्र राहिल्यास इनाम एकच, विभक्त झाल्यास दोन, आणि नव्या बँकेच्या दृष्टीने ती स्वतः अद्याप निष्कलंक आहे. आमच्या महसुली अनुभवात अविभक्त कुटुंबे जमीनधारणेच्या कायद्याला भिऊन कागदोपत्री विभक्त झालेली मी शेकडो पाहिली होती. दोनशे पौंडांकरिता होणारे विभाजन मात्र मला नवे होते. स्थावर-जंगमाची वाटणी निर्वेध झाली. नियतकालिकाची वर्गणी तिच्या नावे करण्यासही भाचा राजी झाला. अडले ते दुसऱ्या डायरेक्ट डेबिटवर.

“गाढवं मला दे,” ती म्हणाली.

“ती माझ्या नावावर आहेत,” भाचा म्हणाला. “तू मांजरांचं काहीतरी बघ ना.”

“मामा, तुम्हीच सांगा,” तिने कागद माझ्यापुढे सरकविला, “पहिला हक्क कुणाचा?”

मी तारखा पाहावयास मागितल्या.